फुलझाडांची कीड आणि आमचा विवेक

उन्हाळा तोंडावर आला, की गोव्यातील घरोघरच्या परसांतून आणि देवळांच्या बागांतून एक तक्रार हमखास ऐकू येऊ लागते. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर साचला आहे. पेरूच्या शेजारी उभ्या असलेल्या चाफ्याची पाने चिकट होऊन वर काजळी धरली आहे. बहाव्याची कोवळी पालवी अळ्यांनी आठवडाभरात फस्त केली आहे. रस्त्याकडेच्या गुलमोहराची फांदी वारा नसताना मोडून पडली आहे. तक्रार रास्त आहे. परंतु तिच्यामागोमाग जो प्रश्न येतो, तो आम्हाला अस्वस्थ करतो. ''यावर कोणते औषध मारायचे?'' एवढाच तो प्रश्न असतो. झाडाला काय झाले आहे, हे कोणी विचारीत नाही. दुकानदार फळीवरची एक बाटली काढून देतो, पंप पाठीवर चढतो, झाड नखशिखांत भिजते आणि काम झाले असे समजून सर्वजण आपापल्या उद्योगाला लागतात.

येथे 'औषध' हा शब्दच प्रथम तपासून घेतला पाहिजे. जे जगवते ते औषध. बाटलीत असते ते विष, आणि कायदा त्याला कीटकनाशक असेच म्हणतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली प्रत्येक बाटलीवर रंगीत त्रिकोण छापणे बंधनकारक आहे. लाल त्रिकोण म्हणजे अति विषारी. त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरव्या त्रिकोणाचा अर्थसुद्धा 'कमी विषारी' एवढाच आहे. 'निर्धोक' असा नव्हे. विषाला औषध म्हणण्याची सवय आपल्या जिभेला इतकी जडली आहे, की ते अंगणात शिंपडताना हात कचरत नाही. शेजारी विहीर आहे, दोरीवर कपडे वाळत आहेत, पोरे खेळत आहेत, याचेही भान राहत नाही.

कोणी म्हणेल, डोंगर कापले जात आहेत, शेतजमिनींची रूपांतरे होत आहेत, नद्यांचे पाणी बिघडत आहे. अशा वेळी फुलझाडांवरच्या किड्यांना अग्रलेखात स्थान कशाला? आमचे उत्तर असे, की गोमंतकीय माणसाच्या जीवनात फूल ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. म्हार्दोळच्या महालसेची जायांची पूजा फुलांवाचून कल्पिता येणार नाही. चतुर्थीला गणपतीच्या मस्तकी जास्वंद हवी, सुरंगीच्या दिवसांत सुरंगीची माळ हवी, आणि एरवीही केसांत अबोलीचा गजरा माळल्यावाचून देवळात पाऊल न टाकणाऱ्या स्त्रिया गावोगाव आहेत. बाजाराच्या तोंडाशी बसून माळा विकणाऱ्या बायांचा संसार या फुलांवर चालतो. भाजी घेताना गृहिणी निदान ती दोनदा धुऊन घेते. फूल कोणी धूत नाही. सायंकाळी ज्या कळीवर विष पडले, ती सकाळी देवाच्या चरणी जाते, तेथून प्रसाद म्हणून आपल्या ओंजळीत येते, डोळ्यांना लावली जाते आणि पोराच्या नाकाशी धरली जाते. विष शिंपडलेले फूल देवाला वाहावे की नाही, हा प्रश्न धर्मशास्त्राचा नाही. साध्या विवेकाचा आहे. म्हणूनच तो येथे मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते.

या विवेकाची पहिली पायरी म्हणजे किड्याची ओळख. बहाव्याच्या पालवीवर हिरव्या अळ्या दिसल्या, की आपला जीव कासावीस होतो. पण त्यांतल्या बहुतेक, वैशाख-ज्येष्ठात झुंडीने भिरभिरणाऱ्या फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात. बहावा हेच त्यांचे अन्न. त्या पाने खातात, कोष करतात, उडून जातात. आणि झाड पुन्हा पालवते. कण्हेरीवर आणि तगरीवर बोटाएवढी, डोळ्यासारखे ठिपके असलेली हिरवी अळी आढळते; ती एका देखण्या पतंगाची अळी आहे. सोनचाफ्याच्या व अशोकाच्या पानांवर वाढणाऱ्या अळीतून काळ्या पंखांवर हिरवे ठिपके ल्यालेले चपळ फुलपाखरू बाहेर पडते. सशक्त मोठे झाड अशा अळ्यांपायी सहसा मरत नाही. उलट, पिले भरवण्याच्या दिवसांत बुलबुल, वटवटे, सातभाई या पक्ष्यांना हाच चारा लागतो. अंगणात पाखरे हवीत आणि झाडावर अळी मात्र एकही नको, हा हट्ट निसर्गाच्या हिशेबात बसत नाही.

काही वेळा तर गुन्हेगार किडा नसतोच. पावसाळ्यात चाफ्याच्या पानांच्या पाठीमागे केशरी पूड दिसते, पाने पिवळी पडून गळतात, आणि मालक कीटकनाशकाची बाटली शोधू लागतो. ही पूड म्हणजे तांबेरा. तो एका बुरशीचा रोग आहे आणि कीटकनाशकाचा त्यावर तिळमात्र परिणाम होत नाही. गळलेली पाने गोळा करून नष्ट करणे, दाटी कमी करून झाडाला वारा-ऊन मिळू देणे, हाच त्यावरचा पहिला उपाय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आपली गत होते ती अशा वेळी.

खऱ्या उपद्रवी किडींत आपल्याकडे रस शोषणाऱ्यांचा क्रम वरचा लागतो. पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड, पांढरी माशी ही त्यांतली प्रमुख नावे. ही मंडळी कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस पितात आणि अंगाबाहेर चिकट गोड द्रव टाकतात. त्या गोड थरावर काळी बुरशी वाढते. हीच ती पानांवरची काजळी. तो गोडवा चाखण्यासाठी मुंग्यांची रीघ लागते, आणि मग मुंग्या या किड्यांची गुराख्यासारखी राखण करू लागतात. त्यांना खायला येणाऱ्या ढालकिड्यांना त्या हुसकावून लावतात. पानांची घरटी बांधणारे आपले तांबडे हुमले दुहेरी वागणारे आहेत. काजूच्या मोहोरावरील ढेकण्याला ते मारतात म्हणून काजूवाल्याचे मित्र. पण पिठ्या ढेकणाला ते पोसतात. तेव्हा एकाच जीवाला सरसकट शत्रू वा मित्र ठरवून भागत नाही. कोणत्या झाडावर, कोणाच्या संगतीत तो काय करतो, हे पाहावे लागते.

आता पंपातले विष या सगळ्यात काय करते ते पाहू. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचे कवच असते. तो सालीच्या भेगांत, पानांच्या बगलेत दडून बसतो. वरून मारलेला फवारा त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाही. मरतात ते उघड्यावर हिंडणारे ढालकिडे, कोळी, मधमाश्या आणि किड्यांच्या पोटात अंडी घालून त्यांचा निकाल लावणाऱ्या सूक्ष्म परोपजीवी माश्या. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात; येथे ओले जळते आणि सुके शिल्लक राहते. शत्रू नाहीसे झाल्यावर उरलेले पिठ्या ढेकूण महिन्याभरात दुपटीने वाढतात, मग दुसरी फवारणी, मग तिसरी. अज्ञानाची कमाल अशी, की पिठ्या ढेकूण खाणाऱ्या एका ढालकिड्याची अळी स्वतः पांढरी, मेणकट आणि झुपकेदार दिसते. १८९८ साली ऑस्ट्रेलियातून हा ढालकिडा भारतात आणला गेला. त्याची अळी दिसली, की आपण तिलाच मोठा पिठ्या ढेकूण समजून चिरडतो. घरी चालून आलेल्या वैद्यालाच चोर म्हणून बडवावे, त्यातला हा प्रकार आहे.

फुललेल्या झाडावर विष मारल्याने काय होते, याचा एक दाखला अमेरिकेतील आहे. २०१३ च्या जूनमध्ये ओरेगन राज्यातील विल्सनव्हिल येथे, एका दुकानाच्या वाहनतळावर शोभेसाठी लावलेली लिंडनची झाडे ऐन बहरात होती. त्यांवर मावा पडला होता. झाडे काही मरणाला टेकली नव्हती. माव्याचा चिकट द्रव खाली उभ्या केलेल्या मोटारींवर ठिबकत होता, एवढीच अडचण. त्यासाठी बहरातल्या झाडांवर निओनिकोटिनॉइड कुळातील कीटकनाशक फवारण्यात आले. मध गोळा करण्यास आलेले भुंगे झाडांखाली पडू लागले. त्यांची संख्या पन्नास हजारांवर होती. पुढे ओरेगन राज्याने लिंडनच्या झाडांवर त्या कुळातील चार कीटकनाशकांच्या वापरास बंदी केली, आणि २०१८ साली युरोपीय संघाने या कुळातील तीन प्रमुख विषांचा उघड्यावरचा वापर थांबवला. मोटारीच्या काचेवरचा चिकटा एका बादली पाण्याने निघाला असता. आपल्याकडेही बहाव्याच्या फुलांवर मोठे काळे भुंगे येतात. त्यांच्यावाचून बहाव्याची शेंग धरत नाही. बहर पाहून फवारणीचा मुहूर्त काढणारे आपण, हे भुंगे कोठे गेले असा प्रश्न उद्या कोणाला विचारणार आहोत?

हा धडा नवा नाही. १९५४ पासून अमेरिकेतील ईस्ट लान्सिंग येथील विद्यापीठाच्या आवारात एल्म वृक्षांचा रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्यांवर डी.डी.टी.चा मारा झाला. विष पानांवर बसले, पाने गळून मातीत मिसळली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळे रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि वसंत ऋतू आला तेव्हा आवारात मेलेले रॉबिन सापडू लागले. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत जगापुढे मांडली. इतके करूनही अनेक गावांतले एल्म वाचले नाहीत ते नाहीतच. शोभेच्या झाडावर मारलेले विष त्या झाडावर थांबत नाही, हे जगाला कळून साठ वर्षे उलटली.

पक्ष्यांचे सोडा, माणसांचे काय झाले तेही याच किनाऱ्यावर दिसले आहे. आमच्या दक्षिणेस केरळातील कासरगोड येथे सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर ढेकण्याच्या बंदोबस्तासाठी वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. फवारणी २००० साली थांबली, पण तोवर जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले होते. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली, आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. त्याच २०१७ साली महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. फवारणी करणाऱ्यास संरक्षक कपडे व मुखवटा देणे कीटकनाशक नियमांनुसार आवश्यक आहे. आमच्या बागांतून आणि रस्त्यांच्या दुभाजकांवरून पंप मारणारा मजूर मात्र उघड्या तोंडाने, उघड्या हातांनी आणि अनवाणी काम करताना दिसतो. तो बहुधा परप्रांतीय असतो, बाटलीवरची सूचना त्याच्या भाषेत असली तरी इतक्या बारीक अक्षरांत असते की ती वाचणे कठीण, आणि त्याची प्रकृती बिघडली तर त्याची नोंद कोठेही होत नाही. आपल्या अंगणाच्या शोभेसाठी दुसऱ्याच्या फुप्फुसाची किंमत मोजावी, हे कोणत्या संस्कृतीत बसते?

याचा अर्थ हात बांधून स्वस्थ बसावे, असे आमचे म्हणणे नाही. किडीशी झुंज द्यावीच लागते. पण ती अकलेने द्यावी. याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. २००८ साली तमिळनाडूतील कोइमतूर येथे पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण आढळला. तो मूळचा मेक्सिकोचा. पाहता पाहता त्याने पपई, तुती, जास्वंद, चाफा अशा कितीतरी झाडांवर बस्तान बसवले आणि केरळ, कर्नाटक, महाराष्ट्रात तो पसरला. फवारण्या करून शेतकरी थकले. मेक्सिकोत हाच किडा फारसा उपद्रव देत नाही, कारण तेथे त्याचे जन्मजात शत्रू आहेत; येथे तो एकटाच आला होता. हे ओळखून बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संशोधन संस्थेने २०१० साली प्वेर्तो रिकोहून त्याच्या शत्रू असलेल्या तीन जातींच्या सूक्ष्म परोपजीवी माश्या मागवल्या, त्यांची परीक्षा केली, त्या वाढवल्या आणि ठिकठिकाणी सोडल्या. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या त्या माश्यांनी, त्यांतही विशेषतः एका जातीने, जे हजारो लिटर विषाला जमले नव्हते ते काही महिन्यांत करून दाखवले. तेथे फवारणी थांबवणे हीच पहिली अट होती, कारण विष मारले असते तर या माश्याच आधी मेल्या असत्या. २०१६ साली पोल्लाची भागात नारळावर वर्तुळाकार अंडी घालणारी नवी पांढरी माशी दिसली, तेव्हाही शास्त्रज्ञांनी हाच सल्ला दिला: घाबरून विष मारू नका, निसर्गातील परोपजीवींना काम करू द्या.

नवे किडे आपल्याकडे येतात तरी कसे, हा प्रश्न येथे ओघानेच येतो. आपल्या रस्त्यांची आणि देवळांची शोभा असलेली कित्येक झाडे पाहुणी आहेत. गुलमोहर मादागास्करचा, देवचाफा अमेरिकेतला, रस्त्यावर छत्र धरणारा वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेचा. ही झाडे शतकांपूर्वी वा दशकांपूर्वी आली आणि आपली झाली. परंतु आज रोपांचा व्यापार पूर्वीच्या शतपट वेगाने चालतो, आणि कुंडीतल्या मातीबरोबर, पानाच्या पाठीबरोबर कीडही बिऱ्हाड पाठीवर घेऊन प्रवास करते. पांगाऱ्याचे उदाहरण घ्या. पूर्व आफ्रिकेतील दीड मिलिमीटर लांबीची एक गाठमाशी २००४ साली शास्त्राला प्रथम ज्ञात झाली. ती पांगाऱ्याच्या पानात आणि देठात अंडी घालते, तेथे गाठी येतात, पाने वेडीवाकडी होऊन झडतात. २००५ साली ती हवाई बेटांवर पोचली आणि तेथील मूळच्या पांगाऱ्यांची दुर्दशा झाली. त्याच सुमारास ती केरळातही दिसली. पांगारा आपल्या कोकणपट्टीचा जुना सोबती. फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर पेटणारी त्याची लाल फुले, कुंपणातला त्याचा खांब आणि त्यावर चढलेला मिरवेल हे चित्र आपल्या पिढ्यांच्या ओळखीचे आहे. हवाईत २००८ साली टांझानियातून आणलेली शत्रुमाशी सोडण्यात आली आणि तिने पुष्कळ झाडे सावरली. औषध सापडले खरे. पण दारातच अडवता आली असती तर ही कीड परवडली असती.

परदेशातून येणाऱ्या रोपांसाठी १९१४ चा कायदा आहे, २००३ चा वनस्पती संगरोध आदेश आहे. पण आंध्रातील कडियमहून, पुण्याहून किंवा केरळातून ट्रकात भरून येणाऱ्या हजारो कुंड्यांची पाने पोळे-पत्रादेवीच्या नाक्यांवर कोण उलटून पाहतो? तेथे दारूची आणि करांची तपासणी होते. किड्याला मात्र परवाना लागत नाही. रोपवाटिकेतून आणलेले प्रत्येक रोप दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवून मगच बागेत लावावे, ही खबरदारी कोणीही बिनखर्चात घेऊ शकतो. सरकारने आणि नगरपालिकांनी सुशोभनासाठी रोपे खरेदी करताना निविदेत कीडमुक्ततेची अट घालावी आणि ती तपासण्यासाठी कीटकशास्त्र जाणणारा माणूस नेमावा. लाखो रुपयांच्या सुशोभनात एवढा खर्च जड होऊ नये.

आता सर्वांत कडू गोष्ट. कीड हा पुष्कळदा मूळ रोग नसतो. ती रोगाची खूण असते. २०१० नंतरच्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवरील शेकडो वर्षावृक्ष वाळून गेले. त्यांच्यावर पिठ्या ढेकूण दिसला आणि दोष त्याच्या माथी बसला. परंतु वृक्षप्रेमी नागरिकांनी तेव्हाच बोट दाखवले ते झाडांच्या पायथ्याशी. बुंध्याला भिडून काँक्रीट ओतलेले, पदपथाच्या फरशांनी मुळांचा श्वास कोंडलेला, चर खणताना मुळे तुटलेली. अशा अर्धपोटी झाडावर किडा पडला तर ते प्रतिकार कशाच्या बळावर करणार? २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील यंत्रणांना झाडांभोवतीचे एक मीटर परिसरातले काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. आमच्या शहरांतले चित्र मुंबईहून वेगळे आहे काय? पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, कोणत्याही शहरातल्या रस्त्यावर उभे राहून पाहावे. बुंधे सिमेंटात गाडलेले, खोडांत फलकांचे खिळे ठोकलेले, फांद्यांना दिव्यांच्या माळा करकचून आवळलेल्या. पावसाळ्यापूर्वी तारांना अडथळा म्हणून फांद्या तोडल्या जातात त्या कोयत्याने ओरबाडून. जखम उघडी राहते, तीतून पाणी व बुरशी शिरते, वाळवी येते, खोड आतून पोकळ होते. मग एका वादळी रात्री गुलमोहर कोसळतो, खाली उभ्या मोटारीचा चुराडा होतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, झाडाला कीड लागली होती. कीड लागली होती हे खरे. ती कशी लागली, हे मात्र सांगत कोणी नाही. आणि 'कीड लागलेले झाड' हा शिक्का एकदा बसला, की १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली तोडणीची परवानगी मागण्यास एक सोयीचे कारण हाती येते. ज्यांना झाडापेक्षा त्याखालची जागा प्यारी आहे, त्यांना किड्यासारखा मित्र नाही.

करावयाचे काय, हे आम्ही थोडक्यात सांगतो. घरच्या बागेत रोज सकाळी एकदा पानाची पाठ पाहावी. पिठ्या ढेकूण दिसताच, तो थोडा असतानाच, पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा. फार माखलेले शेंडे कापून जाळावेत वा पुरावेत. बुंध्याभोवती कापडाची पट्टी गुंडाळून तीवर चिकट ग्रीस लावले आणि इतर झाडांना टेकलेल्या फांद्या छाटल्या, की मुंग्यांची वाट तुटते आणि ढालकिड्यांना रान मोकळे होते. एवढ्याने भागले नाही, तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुलिंबाचे तेल आणि किंचित साबण कालवून, आधी दोन पानांवर परीक्षा करून, सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. बहरलेल्या फुलांवर तेही मारू नये. खोडाच्या बेचक्यात भुश्याची जाळी दिसली तर तेथे साल खाणारी अळी आहे असे समजावे. जाळी काढून भोकात तार घालावी, अळी मारावी आणि भोक मातीने लिंपावे. फुलपाखरांच्या अळ्यांना त्यांच्या कर्मावर सोडून द्यावे. आणि रासायनिक विष हे सर्व उपाय थकल्यावर, तेही तज्ज्ञाने कीड पाहून नाव सांगितल्यावर, नेमक्या मात्रेत आणि नेमक्या जागी वापरावे.

देवस्थानांच्या महाजनांना आमची विशेष विनंती आहे. देवळाच्या आवारातील पूजेच्या फुलझाडांवर रासायनिक कीटकनाशक वापरायचे नाही, असा एक ठराव त्यांनी पुढच्या सभेत करावा. आणि माळा पुरवणाऱ्या फुलकारांना केवळ अट घालून थांबू नये. बिनविषारी बाग राखण्यात त्यांचे जे नुकसान होईल, त्याचा काही भार दोन पैसे अधिक देऊन उचलावा. श्रद्धेचा खर्च गरिबाच्या माथी मारून चालणार नाही.

सरकारकडे आमची मागणी मोठ्या योजनेची नाही. जुन्या गोव्यात किनारी कृषी संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, कृषी खात्याची विभागीय कार्यालये तालुक्यातालुक्यांत आहेत, वन खाते आहे. या तिघांनी मिळून प्रत्येक तालुक्यात आठवड्यातून एक दिवस असा ठेवावा, की नागरिकाने किडलेली फांदी पिशवीत घालून आणावी आणि तिचे निदान मोफत करून घ्यावे. माणसाला ताप आला तर आपण आधी वैद्याला नाडी दाखवतो. झाडासाठी तेवढीच सोय मागणे हे काही वेडगळपण नव्हे. वीज खाते, सार्वजनिक बांधकाम खाते आणि नगरपालिका यांनी फांद्या तोडण्याचे काम शिकलेल्या माणसांकडून करून घ्यावे आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाभोवती एक मीटर माती मोकळी ठेवावी. किडीच्या कारणावरून झाड तोडण्यास परवानगी देण्यापूर्वी कीटकशास्त्रज्ञाचा लेखी अहवाल घेणे सक्तीचे करावे आणि तो अहवाल लोकांना पाहण्यास खुला ठेवावा.

१९६१ साली ही भूमी मुक्त झाली तेव्हा तिचे रस्ते, तिचे डोंगर आणि तिची झाडे परक्याच्या ताब्यातून आमच्या ताब्यात आली. ताबा मिळाला म्हणजे हवे ते करण्याची मुभा मिळाली, असा अर्थ काढणे सोपे असते. राखण्याची जबाबदारी अंगावर आली, हा त्याचा खरा अर्थ. परसातल्या जास्वंदीपाशी उभे असताना सरकार समोर नसते, कायदाही समोर नसतो. असते ते आपले मन आणि हातातली बाटली. ती उघडण्यापूर्वी पान उलटून खाली कोण बसले आहे हे पाहण्याइतका धीर गोमंतकीय माणसाने दाखवला, तर निम्मी झाडे विषावाचून वाचतील. उरलेल्या निम्म्यांसाठी शास्त्र समर्थ आहे. फक्त त्याला आधी विचारले पाहिजे.